मृगया आणि अभय

आरतीच्या वेळी मंदिरात गर्दी असली की मी मुद्दाम डाव्या खांबाजवळ उभा राहतो. तिथून बाप्पांचा वर उचललेला उजवा हात नीट दिसतो. लहानपणी वाटायचे, तो हात म्हणजे नुसता आशीर्वाद. पुढे कळले की त्या मुद्रेचे नाव अभय. 'भिऊ नकोस' असे सांगणारा तो हात आहे. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची जी यादी आहे, तिच्यात पहिलाच शब्द 'अभय' आहे. अहिंसा त्यानंतर येते. हा क्रम असा का, याचा विचार मी आयुष्याची पहिली तीस वर्षे कधी केला नव्हता. तो करायला मला एका शिकाऱ्याने लावले. हे वाचून मंडळींना आश्चर्य वाटेल, म्हणून सगळे सविस्तर सांगतो.

नागपूरला एम.बी.बी.एस. करून मी अमेरिकेत आलो. रेसिडेन्सी झाल्यावर आमच्यापैकी अनेकांप्रमाणे जे-वन व्हिसाच्या अटीतून सूट मिळावी म्हणून डॉक्टरांची वाण असलेल्या गावात तीन वर्षे काम करणे भाग होते. मला वायव्य कोलोराडोतले एक छोटे गाव मिळाले. एक मुख्य रस्ता, एक किराणा दुकान, दोन चर्च, आणि क्षितिजापर्यंत डोंगर. आम्ही दोघेही शाकाहारी. पहिल्याच ऑक्टोबरमध्ये गावात नारिंगी जाकिटे घातलेली माणसे दिसू लागली, पिक-अप ट्रकमधून शिंगे बाहेर डोकावू लागली, आणि सौ. म्हणाली, "अहो, कुठे आणून टाकलेत मला!"

माझ्याकडे रक्तदाबासाठी येणारा एक साठीचा गृहस्थ आउटफिटर होता. हा शब्द तेव्हा मला नवा होता. आउटफिटर म्हणजे पैसे घेऊन शिकारीची सारी व्यवस्था करून देणारा माणूस. परराज्यातून येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी तंबू, घोडे, खेचरे, स्वयंपाकी, वाटाड्या, आणि शिकार मिळालीच तर मांस डोंगराखाली आणण्याची सोय, सगळे तोच पाहतो. राष्ट्रीय वनात तळ ठोकायचा तर त्याला वनखात्याचा परवाना लागतो. खाजगी जमिनीवर न्यायचे तर रँचच्या मालकाकडून शिकारीचा हक्क भाड्याने घ्यावा लागतो. माझा पेशंट दोन्ही करीत असे. त्याचे मुख्य सावज एल्क. आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणावा असा हा प्राणी. मोठ्या नराचे वजन तीनशे किलोच्याही वर जाते. जगात सर्वांत जास्त एल्क कोलोराडोत आहेत, आजच्या अंदाजाने तीन लाखांच्या आसपास. त्यातला सर्वांत मोठा म्हणून ओळखला जाणारा व्हाइट रिव्हरचा कळप आमच्या गावाच्या वरच्या डोंगरातच होता.

मी त्याला एकदा जरा तिरकसपणे विचारले, "मुक्या जनावरांना मारून पोट भरायचे, याचे काही वाटत नाही?" तो रागावला नाही. म्हणाला, "डॉक, मारण्याचे मला वाटत नाही. मला वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. चाळीस वर्षांपूर्वी मी या डोंगरात शिरलो तेव्हाचे एल्क आणि आजचे एल्क एकच जनावर नाहीत. एकदा चला माझ्याबरोबर. बंदूक धरू नका, नुसते पाहा."

२००१ च्या ऑक्टोबरमध्ये पहिला रायफल सीझन सुरू व्हायच्या दोन दिवस आधी मी गेलो. घोड्यावरून चार तासांची चढण. वाटेत त्याने मला दुर्बिणीतून मोकळ्या कुरणात चरणारा चाळीस-पन्नास एल्कचा कळप दाखवला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रस्त्यांवर गाड्या वाढल्या, तळ पडू लागले, जनरेटर सुरू झाले. अजून एकही गोळी सुटली नव्हती. संध्याकाळी त्याच कुरणात पाहिले तर एकही जनावर नाही. सीझनच्या पहिल्या सकाळी काही बार ऐकू आले. त्यानंतर तीन दिवस त्या अफाट जंगलात मला ताजी विष्ठा आणि पायांचे ठसे सोडून काहीही दिसले नाही.

परत येताना तो मला खालच्या खोऱ्यात घेऊन गेला. तारेच्या कुंपणापलीकडे एका रँचची जमीन होती. मालक तिथे कुणालाही शिकार करू देत नसे. आणि तिथे, डांबरी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, दोन-तीनशे एल्क निवांत रवंथ करीत बसले होते! कुंपणाच्या अलीकडे मरण आणि पलीकडे आराम, हे त्यांना बरोबर ठाऊक होते. "आमच्याकडे म्हणतात, एल्कना कॅलेंडर वाचता येते," तो म्हणाला.

ही नुसती गावगप्पा नव्हती. त्याच वर्षी, २००१ मध्ये, व्हाइट रिव्हरच्या परिसरातल्या एल्कना रेडिओ पट्टे बांधून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. धनुष्यबाणाचा आणि ठासणीच्या बंदुकीचा हंगाम सुरू झाला की एल्क सरकारी वनातून खाजगी जमिनीकडे सरकू लागतात, असे त्यातून दिसले. थंडी आणि बर्फ यांच्यामुळे ते खाली उतरतातच, पण माणसांच्या दबावाने ते त्याआधीच निघतात. पुढे मोंटानातही हेच दिसले.

हे ऐकून मला आमच्या मामांची आठवण झाली. मामा चंद्रपूरला वनखात्यात होते. साठच्या दशकात मध्य भारतात शिकारीच्या कंपन्या चालत. परदेशी पाहुणे येत, त्यांना 'ब्लॉक' नेमून दिलेला असे, मचाण बांधले जाई, आणि गावचे लोक ढोल, डबे वाजवत हाकारा करीत. मामा सांगत, "अरे, नवा वाघ हाकाऱ्यापुढे सरळ चालत मचाणाखाली येतो. पण जो एकदा हाकाऱ्यातून वाचला, तो पुन्हा कधी सरळ येत नाही. तो बाजूने फुटतो, नाहीतर उलटा फिरून हाकेकऱ्यांच्या रांगेतून मागे निघून जातो. आणि मग माणूस जखमी होतो." १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्या कंपन्या बंद पडल्या. आज ताडोब्याला गेलेले आपले नातेवाईक फोटो पाठवतात, त्यात वाघीण पिल्लांसह जिपांच्या रांगेपुढून रस्त्याने चालत असते. मामांच्या काळातला वाघ असा दिसणे अशक्य होते. ताडोब्याचे जंगल तेच आहे. बदलला तो वाघाचा माणसाविषयीचा अनुभव.

डॉक्टर म्हणून मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे एक प्रकार आहे, पांढऱ्या कोटाचा रक्तदाब. पेशंटचा रक्तदाब घरी व्यवस्थित असतो आणि दवाखान्यात डॉक्टर समोर आला की चढतो. डॉक्टरने तोच आकडा खरा धरला तर नको ती औषधे सुरू होतात. म्हणजे आपण जे मोजतो त्यात आपण स्वतःही असतो. जंगलातही तसेच आहे. 'एल्क लाजाळू प्राणी आहे, तो दाट झाडीत राहतो, रात्री चरतो' असे पुस्तकात लिहिलेले असते. पण हा त्याचा स्वभाव की आपल्या पांढऱ्या कोटाचा परिणाम? मूळचा तो उघड्या गवताळ प्रदेशातही मोठ्या संख्येने वावरणारा प्राणी होता. रात्रीचे म्हणाल तर २०१८ मध्ये सहा खंडांतल्या बासष्ट प्रजातींची माहिती एकत्र करून दाखवले गेले की माणसाचा वावर जिथे आहे तिथे सस्तन प्राणी दिवसाऐवजी रात्रीकडे सरकले आहेत.

यापुढची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. शिकारीत मरतो कोण? २०१२ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एल्कच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून, त्यांतले कोण शिकारीत मारले गेले आणि कोण वाचले, याची तुलना केली होती. मारले गेले ते जास्त हिंडणारे, मोकळ्यावर येणारे. वाचले ते कमी हलणारे, झाडीत राहणारे. मादी नऊ-दहा वर्षांची झाली की ती शिकाऱ्याच्या हाती जवळजवळ लागतच नाही. २०१७ मध्ये त्याच भागातल्या माद्यांचा पुढचा अभ्यास आला. त्यात दिसले की एकेक मादी वयाबरोबर शिकतही जाते. धनुष्याचा हंगाम आणि बंदुकीचा हंगाम यांत वेगवेगळी वागते. म्हणजे इथे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. धीट असतील ते मरतात, आणि उरलेले भिण्याचे शिक्षण घेतात. दोन्हींचा निकाल एकच, भित्र्यांची पिढी.

अल्बर्टातल्याच रॅम माउंटनवरच्या रानमेंढ्यांचे उदाहरण २००३ पासून प्रसिद्ध आहे. तिथे ठराविक वळणाएवढे शिंग झाले की नर मारायची परवानगी होती. परिणाम असा झाला की ज्यांची शिंगे लवकर आणि जोमाने वाढत, ते पुरेशी प्रजा व्हायच्या आधीच मारले जात. तीस वर्षांत नरांची शिंगे सरासरीने लहान झाली. ज्या शिंगांसाठी माणूस डोंगर चढत होता, तीच तो नाहीशी करीत होता! स्वीडनमध्ये तर कायद्यानेच आईचे वागणे बदलले. तिथे पिल्ले बरोबर असलेल्या अस्वलीला मारायला बंदी आहे. २०१८ मध्ये असे प्रसिद्ध झाले की पिल्लांना दीड वर्षाऐवजी अडीच वर्षे जवळ ठेवणाऱ्या अस्वली वाढत आहेत, कारण पिल्ले जवळ असेपर्यंत आईही सुरक्षित आणि पिल्लेही.

आता प्रश्न असा, की यात नैतिक दोष नेमका कुठे आहे? मारण्यात की भिववण्यात?

माझ्या पेशंटची बाजू आधी मांडतो, कारण ती दुबळी नाही. तो म्हणे, "विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोराडोत एल्क जवळजवळ संपले होते. बाजारात मांस विकण्यासाठी बेबंद कत्तल झाली होती. १९१३-१४ मध्ये एस्टेस पार्कला यलोस्टोनहून एल्क आणून सोडावे लागले. पुढे त्यांना वाढवले कोणी? शिकाऱ्यांनीच हंगाम ठरवून घेतले, परवान्याचे पैसे भरले. बंदुका आणि काडतुसांवर कर आहे, लांब नळीच्या बंदुकांवर अकरा टक्के, आणि १९३७ च्या कायद्याने तो पैसा वन्यजीवांकडे जातो. तुम्ही शाकाहारी लोक किती देता?" मला उत्तर देता आले नाही.

तो आणखी म्हणे, "भीती तर निसर्गातच आहे. लांडगा काय आशीर्वाद द्यायला येतो?" हेही खरे. भीती ही प्राण्याची औषधपेटी आहे. ती नसेल तर तो जगत नाही. एस्टेस पार्कला आपण सगळे पाहुण्यांना घेऊन जातोच. शेजारच्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात शिकार नाही, लांडगे फार पूर्वी संपलेले. त्यामुळे एल्क गोल्फच्या हिरवळीवर आरामात बसतात आणि आपण दहा हातांवरून फोटो काढतो. पण हे चित्र दिसते तितके रम्य नाही. एल्कनी एकाच जागी ठाण मांडून विलो आणि अ‍ॅस्पेनची कोवळी रोपे इतकी खाल्ली की २००८ च्या सुमारास उद्यानाला झाडांभोवती कुंपणे घालावी लागली आणि काही एल्क प्रशिक्षित माणसांकरवी मारावेही लागले. तेव्हा अभय म्हणजे भीतीचा संपूर्ण अभाव, असे मानता येत नाही.

मग लांडग्याची भीती आणि आपली भीती यांत फरक काय? मला दोन फरक दिसतात. लांडगा बहुधा म्हातारे, आजारी, लहान, म्हणजे जे धरता येईल ते धरतो. माणूस सर्वांत देखणा आणि जोमदार नर निवडतो, कारण त्याला तो भिंतीवर लावायचा असतो. दुसरा फरक अंतराचा. लांडग्याला जवळ यावे लागते, धावावे लागते, आणि बहुतेक वेळा तो हरतो. माणूस पाचशे यार्डांवरून दुर्बीण लावतो. आणि सप्टेंबरात नर माजावर येतात, शिळा घालतात, तेव्हा वाटाड्या तोंडात पातळ पडदा धरून मादीची हाक हुबेहूब काढतो आणि नराला बाणाच्या टप्प्यात बोलावतो. जुने शिकारी सांगतात की ज्या डोंगरात अशा हाका फार झाल्या, तिथले नर आता गप्प येतात किंवा येतच नाहीत. प्रेमाच्या हाकेवरचा विश्वास उडाला.

इथे मला महाभारतातला पंडू आठवतो. त्याने मृगरूपात रत असलेल्या किंदम ऋषींना बाण मारला. मरताना किंदम म्हणतात ते लक्षात घेण्यासारखे आहे. राजाने मृग मारला याबद्दल त्यांची तक्रार नाही. मृगया हा क्षत्रियाचा आचार आहे हे ते मान्य करतात. तक्रार ही, की तू वेळ पाहिली नाहीस, थांबला नाहीस. शाप मिळाला तो न थांबण्याबद्दल. आपल्या परंपरेत शिकार नव्हतीच असे मानणाऱ्यांनी आपला शब्द तरी पाहावा. संस्कृतात 'मृग्' या धातूचा अर्थ शोधणे, मागावर जाणे. हरणाला मृग म्हणतो तेव्हा आपणही त्याला 'सावज' म्हणूनच हाक मारतो. इंग्रजीत त्याला 'गेम' म्हणतात याबद्दल नाक मुरडायचा आपल्याला अधिकार नाही.

वनपर्वातली दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. पांडव द्वैतवनात राहत असताना युधिष्ठिराच्या स्वप्नात हरणे येतात, डोळ्यांत पाणी आणून. सांगतात की तुमच्या पराक्रमी भावांनी आम्हाला इतके मारले की आता केवळ बीजापुरते उरलो आहोत, आपण आपला मुक्काम हलवावा. युधिष्ठिर सकाळी उठून भावांना हे सांगतो आणि सगळे काम्यकवनात निघून जातात. युधिष्ठिर मांस सोडत नाही, भावांना दोष देत नाही, भाषण करीत नाही. तो जागा सोडतो. ही कथा मी नोकरीच्या त्या तीन वर्षांत वाचली आणि अभयाचा अर्थ थोडासा उमगला असे वाटले. ज्याच्या हातात बळ आहे त्याने काही जागा आणि काही वेळ स्वतःहून सोडणे, हे अभयदान.

पण खरे सांगायचे तर तेव्हाही माझ्या मनात हा सगळा उपदेश शिकाऱ्यांसाठी होता. आपला संबंध काय? आपण तर भाजी-भाकरी खाणारे! हा अहंकार उतरला तो पुढे डेन्व्हरजवळ राहायला आल्यावर.

आपल्यातल्या काही हौशी मंडळींचा डोंगरात भटकणारा गट आहे हे आपणास माहीत आहेच. एका जूनमध्ये आम्ही पंधरा-सोळा जण, मुलेबाळे धरून, एका पायवाटेवर गेलो. वाटेच्या तोंडाशी पाटी होती, 'एल्कच्या विणीचा हंगाम, वाट बंद'. बंदी संपायला आठ-दहा दिवस होते. दोन तास गाडी चालवून आलो होतो. कोणीतरी माझ्याकडे पाहिले, "डॉक्टर, काय करायचे?" मी म्हणालो, "आपण काय बंदूक घेऊन चाललोय? शांतपणे जाऊन येऊ." सगळे हसले आणि निघालो. मैलभर गेल्यावर अ‍ॅस्पेनच्या राईतून एक मादी एकदम उठली. क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि भुंकल्यासारखा आवाज करून उधळली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही फोटो काढला.

घरी आल्यावर चैन पडेना, म्हणून ती पाटी का असते ते शोधून वाचले. १९९० च्या दशकात व्हेल आणि बीव्हर क्रीकच्या परिसरात कोलोराडो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच प्रयोग केला होता. विणीच्या हंगामात माणसे पाठवून पट्टे बांधलेल्या माद्यांना पुन्हा पुन्हा उठवले. गोळी नाही, कुत्रा नाही, फक्त माणूस चालत जवळ जातो. जितक्या जास्त वेळा मादी उठवली, तितकी तिच्यामागे उरणारी पाडसे कमी झाली. त्रास थांबवल्यावर संख्या पुन्हा सुधारली. नवजात पाडसू गवतात निपचित पडून असते. आई दूर पळाली की त्याचे दूध चुकते आणि अस्वल-कोल्ह्यांपासूनचे संरक्षणही. त्या मादीचे पाडसू त्या राईत होते का, ते जगले का, हे मला कधीच कळणार नाही. पण माझ्या पेशंटने चार दिवसांत एका नराला मारले असेल-नसेल. मी पाऊण तासाच्या सहलीत काय केले असेन याचा हिशेब मला मांडता येत नाही. त्याच्याकडे निदान परवाना होता.

एक गोष्ट मात्र त्याच्याही विरुद्ध जाते, आणि ती त्याने स्वतःच मला सांगितली होती. त्याने भाड्याने घेतलेल्या रँचवर तो आठवड्याला तीन-चारच गिऱ्हाइके नेई, गोळीबार मोजका ठेवी. म्हणून एल्क तिथे राहत. वरच्या सरकारी वनात मात्र शेकडो सामान्य शिकारी रिकाम्या हातांनी हिंडत. गावातला मेकॅनिक वर्षाच्या मांसासाठी शिकार करतो, त्याला काही मिळत नाही. ज्याला काही हजार डॉलर मोजता येतात त्याला मिळते. इकडे रँचवाल्याचे गवत एल्क फस्त करतात, कुंपणे मोडतात, आणि सरकार नुकसानभरपाई देते. कायद्याने जनावरे सगळ्या राज्याची, पण भीतीने त्यांना श्रीमंताच्या कुंपणात कोंडून घातले. तो म्हणाला, "डॉक, मी एल्क विकत नाही. मी शांतता विकतो. आणि बाहेर जितका गोंधळ, तितका माझ्या शांततेचा भाव चढतो." हे बोलताना तो खाली पाहत होता. माणूस आपल्या धंद्याविषयी एवढे खरे बोललेला मी क्वचितच ऐकला आहे. मोंटानात २०१० साली मतदारांनी आउटफिटरच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेले परवाने रद्द केले, ते अशाच असंतोषातून.

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या राज्यात मतपत्रिकेवर १२७ क्रमांकाचा प्रस्ताव होता: पहाडी सिंह, बॉबकॅट आणि लिंक्स यांच्या शिकारीवर बंदी घालावी का. आउटफिटर कुत्र्यांकरवी सिंहाला झाडावर चढवतात आणि मग गिऱ्हाईक त्याला खालून मारते, यावरून बरीच चर्चा झाली. दिवाळीच्या फराळाला आमच्या घरीही झाली. बहुतेकांचे म्हणणे, "यात विचार काय करायचा? आपण हिंदू, आपण बंदीच्या बाजूने." मी बंदीच्या बाजूनेच मत दिले. प्रस्ताव नामंजूर झाला. पण त्या रात्री मी मंडळींना ती जूनमधली पाटी आठवून दिली, आणि खोलीत थोडी शांतता पसरली. मत देणे सोपे, कारण त्यात दुसऱ्याची बंदूक खाली ठेवायची असते. आठ दिवस थांबणे अवघड, कारण तिथे आपले पाऊल मागे घ्यायचे असते.

माझा तो पेशंट आता हयात नाही. शेवटच्या भेटीत मी त्याला विचारले होते की इतके सगळे कळूनही तू हा धंदा सोडला का नाहीस. तो म्हणाला, "सोडला असता तर दुसरा कोणी आला असता, आणि त्याने चारऐवजी चाळीस माणसे नेली असती." हे उत्तर आहे की पळवाट, यावर मी वीस वर्षे विचार करतो आहे. कधी वाटते, प्रत्येक चुकीच्या व्यवस्थेतला प्रत्येक सज्जन हेच म्हणतो. कधी वाटते, वर्षाला तीन-चार आठवडे एका डोंगराला शांतता देणारा तो माणूस मी केलेल्यापेक्षा जास्त अभय देऊन गेला. महाभारतातला धर्मव्याध मांस विकत होता, तरी कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकायला त्याच्याच दुकानात जावे लागले, हे अशा वेळी आठवते.

माझ्यापुरते मी तीन साधे नियम केले आहेत. विणीच्या दिवसांत बंद वाटेवर जायचे नाही. जनावराने चरणे थांबवून मान वर केली की आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरायचे, फोटो नसला तरी चालेल. आणि पहाट व संध्याकाळ डोंगरात घालवायची नाही. ती वेळ त्यांच्या चरण्याची. हे काही मोठे पुण्य नव्हे. सौ. म्हणते, "तुमची भीती वाटेनाशी व्हायला आधी तुम्ही थोडे कमी दिसायला हवे." घरात आणि दवाखान्यातही तिचे हे म्हणणे लागू पडते, पण तो विषय पुढच्या अंकासाठी ठेवतो.

यंदाही आरतीला मी डाव्या खांबाजवळच उभा राहीन. बाप्पांचा हात आपल्याकडे पाहून उचललेला आहे, हे आपण धरून चालतो आणि अभय मागतो. मागायला हरकत नाही. पण ज्यांच्या लेखी आपणच बलवान आहोत, त्यांना आपला हात कसा दिसतो, एवढा प्रश्न नमस्कार करताना मनात आला तर बाप्पा रागावणार नाहीत असे वाटते.

गणपती बाप्पा मोरया!